उपचाराच्या तासाबाहेरचे दिवस: विकासात मदतीची गरज असलेल्या मुलाला घराने आणि परिसराने कशी साथ द्यावी

मुलाला आठवड्यातून एकदा तासभर फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी मिळत असेल आणि ते दिवसाकाठी बारा तास जागे असेल, तर आठवड्याच्या ८४ जागत्या तासांपैकी ८३ तास ते थेरपिस्टच्या नजरेआड असते. त्या ८३ तासांत त्याला कोण आणि कसे उचलते, त्याच्याशी कोण बोलते, उत्तरासाठी किती वेळ थांबते आणि खेळणाऱ्या मुलांच्या घोळक्यात त्याला जागा मिळते की नाही, यांवर त्या एका तासाचे फळ बरेचसे अवलंबून असते. हे वाचून आधीच थकलेल्या पालकांवर आणखी ओझे पडावे, असा माझा हेतू नाही. आई-वडिलांनी थेरपिस्ट व्हावे आणि घराचे उपचार केंद्र करावे, असे मला वाटत नाही. कपडे घालणे, जेवणे, अंघोळ, खेळ, बाहेर जाणे ही कामे घरात होतच असतात. तीच थोड्या निराळ्या पद्धतीने कशी करावीत आणि त्यांत घरातल्या व शेजारच्या माणसांना कसे सामील करून घ्यावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

हे मार्गदर्शन सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर होणारा परिणाम), स्वमग्नता (ऑटिझम), डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असलेला गुणसूत्रांतला फरक), श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी आहे, तसेच ज्यांच्या अडचणीला अजून कोणतेच नाव मिळालेले नाही त्यांच्यासाठीही आहे. युनिसेफने २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २४ कोटी मुले कोणत्या ना कोणत्या अक्षमतेसह जगतात, म्हणजे साधारण दहा मुलांमागे एक. त्यामुळे असे मूल नसलेली वस्ती किंवा शाळा सापडणे अवघड आहे.

शंका आली की काय करावे

मुलांच्या वाढीचा वेग सारखा नसतो, हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार मूल आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आणि एकटे चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला आहे. त्या अभ्यासातील सुमारे चार टक्के मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही व्यवस्थित चालली. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचे वय जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले आठ महिन्यांचे बाळ विकासाच्या दृष्टीने सहा महिन्यांचे समजावे.

मात्र हा पसारा ‘थांबून पाहू’ म्हणण्यासाठी वापरला जातो, तेव्हा मुलाचा मोलाचा काळ वाया जातो. ‘याचे काकाही उशिराच बोलले होते’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते, पण त्याने तपासणी टळू नये. वयाच्या अठरा महिन्यांनंतरही मूल एकटे चालत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द आला नसेल, दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही ते स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, वर्षभराचे होऊनही हाताने काही दाखवत किंवा नावाला प्रतिसाद देत नसेल, तर त्याची विकासात्मक तपासणी करून घ्यावी. वर्ष पूर्ण होण्याआधीच मूल ठळकपणे एकच हात वापरू लागले, तर ते डावखुरे किंवा उजवे असल्याची खूण समजून कौतुक करू नये. दुसऱ्या बाजूला अशक्तपणा किंवा ताठरपणा असू शकतो.

दोन लक्षणांबाबत आठवडाही थांबू नये. मुलाला आधी येत असलेली गोष्ट, मग ती शब्द असो, हसणे असो किंवा बसणे असो, येईनाशी झाली, तर वय कितीही असले तरी लगेच डॉक्टरांकडे जावे. दुसरे लक्षण पहिल्या वर्षातले आहे: बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक झटके आल्यासारखे पुढे वाकते, हात झटकन पसरते, क्षणभर ताठ होते आणि असे अनेकदा लागोपाठ घडते. घरच्यांना ती पोटदुखी किंवा दचकणे वाटते, पण तो फेफऱ्याचा एक गंभीर प्रकार असू शकतो आणि त्याचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके मेंदूचे नुकसान टाळण्याची संधी अधिक असते. असे दिसल्यास फोनवर चित्रफीत काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

बोलणे उशिरा येत असेल, तर इतर कशाहीआधी कानांची तपासणी व्हायला हवी. मूल दार वाजल्यावर वळून पाहते म्हणून त्याला सगळे ऐकू येते, असे नसते. मोठे आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक ध्वनी निसटत असू शकतात. नवजात बाळाच्या श्रवणाबाबत एक सोपा नियम पाळला जातो: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी (दोषाची शंका असलेली बाळे वेगळी काढणारी प्राथमिक चाचणी), तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात.

तपासणीला जाताना

दवाखान्यात मूल बहुधा रडते, झोपते किंवा एरवी करते ते काहीच करत नाही. म्हणून आधीच्या दोन आठवड्यांत एका वहीत रोजच्या दोन-तीन ओळी लिहून ठेवाव्यात आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या काही चित्रफिती काढाव्यात: मूल खेळताना, खाताना, जमिनीवरून उठताना, काही मागताना. ‘ऐकत नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘आजीने तीन वेळा हाक मारली, वळले नाही, खेळण्याचा आवाज आला, लगेच वळले’ असे लिहिले, तर डॉक्टरांना त्यातून काही तरी हाती लागते. मुलाला काय येते, काय आवडते, हेही त्याच वहीत असावे. अडचणींचीच यादी वाचून दाखवण्याची सवय लागली की घरच्यांची नजरही हळूहळू तेवढ्यावरच खिळते, हे मी फार कुटुंबांत पाहिले आहे.

निदानाचे नाव महत्त्वाचे असते, कारण त्यावरून पुढच्या तपासण्या ठरतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये श्रवण, दृष्टी, हृदय आणि थायरॉईड यांच्या तक्रारी अधिक आढळतात, म्हणून त्यांची वेळोवेळी तपासणी लागते. सेरेब्रल पाल्सीमध्ये मांडीचे हाड खुब्याच्या सांध्यातून हळूहळू सरकू शकते आणि सुरुवातीला ते दुखतही नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढावा लागतो. सेरेब्रल पाल्सीतल्या हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर सांगणारी एक पद्धत १९९७ पासून वापरली जाते. आपल्या मुलाचा स्तर कोणता, हे डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना अवश्य विचारावे, कारण ‘ते चालेल का’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्यावरूनच मिळू शकते.

तरीही नाव मिळेपर्यंत मदत थांबवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात अक्षमतेकडे पाहण्याची रीतच बदलली: शरीरातील दोष, मूल करू शकते त्या गोष्टी, जगण्यातला त्याचा सहभाग आणि भोवतालची माणसे व जागा, या सगळ्यांचा एकमेकांवर होणारा परिणाम त्यात धरला जातो. पायांतला ताठरपणा औषधाने थोडाच कमी होईल, पण वर्ग तळमजल्यावर आणला तर मूल उद्यापासून वर्गात बसू शकते. दोन्ही बाजूंनी काम चालू ठेवावे आणि त्यांतली दुसरी बाजू कोणत्याही निदानाची वाट पाहत नाही.

तपासणी संपताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: येत्या तीन महिन्यांत आम्ही घरी नेमके कशावर लक्ष द्यावे, काय करू नये आणि कोणते लक्षण दिसल्यास तारखेआधीच यावे. उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत आणि न समजलेला प्रत्येक शब्द पुन्हा विचारावा.

एका वेळी एक-दोनच ध्येये

कितीतरी घरांत तीन थेरपिस्टनी दिलेल्या मिळून वीस व्यायामांचा कागद भिंतीवर लावलेला असतो; पहिला आठवडा तो नेटाने पाळला जातो आणि नंतर त्याच्याकडे पाहिले की अपराधी वाटते. तो कागद पाळता येत नाही, यात कुटुंबाचा दोष नाही. थेरपिस्टना स्पष्ट सांगावे की आम्हाला दिवसातून एवढाच वेळ आहे. त्यात सर्वांत महत्त्वाचे काय, ते तुम्ही आणि आम्ही मिळून ठरवू.

ध्येय ठरवताना मुलाच्या दिवसात त्यामुळे काय बदलेल, ते पाहावे. ‘हाताची पकड सुधारणे’ यापेक्षा ‘स्वतःच्या हाताने पेला तोंडाशी नेऊन पाणी पिणे’ हे ध्येय घराला कळते आणि ते साधले की नाही हेही दिसते. त्याच्या पायऱ्या आधीच लिहून ठेवाव्यात: आज मूल पेल्याला हात लावते, अपेक्षा अशी की तीन महिन्यांत कोपराला आधार दिल्यावर ते पेला तोंडाशी नेईल, त्याहून चांगले म्हणजे आधाराशिवाय नेईल. अशी शिडी असली की अर्धवट यशही मोजले जाते. मूल बोलून, खुणेने किंवा नजरेने आपली आवड सांगू शकत असेल, तर ध्येयांपैकी एक त्याच्या आवडीचे असावे. सायकल चालवणे हे डॉक्टरांच्या यादीत नसेलही, पण मुलाला तेच हवे असेल तर तोल, पायांची ताकद आणि लक्ष यांचे काम त्यातूनच सर्वांत जास्त होईल.

रोजच्या कामांत उपचार कसे मिसळावेत

दिवसातली दोन कामे निवडावीत आणि तेवढीच सावकाश करावीत. बाकीची नेहमीप्रमाणे झटपट उरकली तरी चालतील. सकाळच्या घाईत कपडे घालणे शिकवू नये. संध्याकाळी, वेळ असताना शिकवावे.

कपडे घालायला शिकवताना शेवटची पायरी आधी मुलाच्या हाती द्यावी. चड्डी मोठ्या माणसाने कमरेच्या किंचित खालपर्यंत चढवावी आणि शेवटचे ओढणे मुलाने करावे. ते जमले की मांड्यांपासून, मग गुडघ्यांपासून आणि शेवटी पावलांपासून. या उलट्या क्रमाचा फायदा असा की काम पूर्ण करण्याचा आनंद प्रत्येक वेळी मुलालाच मिळतो. सुरुवातीपासून शिकवले तर अवघड भाग त्याच्या वाट्याला येतो आणि काम आपण संपवतो. एका बाजूला अशक्तपणा असेल, तर घालताना तो हात किंवा पाय आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. मूल उभे राहून डगमगत असेल, तर पावले जमिनीला टेकतील अशा बुटक्या आसनावर बसवून हे सगळे करावे.

जेवणाबाबत सुरक्षितता प्रथम पाहावी. मूल सरळ बसलेले, पावलांना टेकू दिलेला आणि मान किंचित पुढे झुकलेली, अशी बैठक असावी. भरवणाऱ्याने मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. उभे राहून वरून भरवले की मूल मान मागे टाकते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. आडवे झोपवून कधीही भरवू नये. खाताना खोकला येणे, आवाज ओलसर घरघरता होणे, डोळ्यांत पाणी येणे, प्रत्येक जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे किंवा वारंवार छातीत कफ होणे, ही गिळण्यातल्या अडचणीची चिन्हे आहेत. ती दिसल्यास घरगुती प्रयोग न करता गिळण्याचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. गिळणे सुरक्षित असेल, तर जाड मुठीचा चमचा आणि काठ उंच असलेले ताट मुलाच्या हाती देऊन सांडण्याची तयारी ठेवावी.

ताठर पायांच्या मुलाला उचलताना दोन्ही पाय जुळवून काखेत धरण्यापेक्षा, पाय फाकवून कडेवर आणि तोंड बाहेरच्या जगाकडे करून घ्यावे, म्हणजे स्नायू सैल राहतात आणि मुलाला पाहायलाही काही मिळते. आखडलेला हात झटक्याने सरळ करू नये. आधी खांदा सावकाश हलवून मग कोपर आणि शेवटी बोटे उघडावीत. एकाच स्थितीत मूल फार काळ राहिले तर सांधे आखडतात, म्हणून बसणे, पालथे झोपणे, कुशीवर झोपणे आणि आधाराने उभे राहणे यांचा दिवसभरात आलटून-पालटून क्रम असावा आणि तो मुलासाठी योग्य आहे ना, हे थेरपिस्टकडून पडताळून घ्यावे.

बोलण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल आपल्या गप्प राहण्याने होतो. प्रश्न विचारून किंवा काही दाखवून मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. मोठ्यांना ती शांतता फार लांब वाटते, परंतु ज्या मुलाला ऐकलेले समजून घ्यायला, उत्तर ठरवायला आणि तोंड किंवा हात हलवायला वेळ लागतो, त्याला तेवढा अवकाश लागतोच. आपण दुसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारला की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सतत ‘हे काय आहे, ते काय आहे’ अशी परीक्षा घेऊ नये. मूल पाहत असेल त्याविषयी साधे बोलावे. मूल ‘गाडी’ म्हणाले तर आपण ‘गाडी गेली’ म्हणावे, म्हणजे त्याच्याहून एकच शब्द पुढे. दोन वस्तू समोर धरून निवडायला सांगावे. आवडीचे खेळणे दिसेल पण हात पोचणार नाही अशा जागी ठेवावे आणि मुलाने नजर, बोट, आवाज, काहीही वापरून मागितले की लगेच द्यावे. ‘नीट बोल, मग देते’ अशी अट घालू नये, कारण मागण्याचा तोही प्रयत्न त्याने सोडून दिला तर पुढे बोलणे आणखी दूर जाते.

शब्द येत नसतील, तर चित्रांची पाटी, हातांच्या खुणा किंवा बोलणारे यंत्र यांना घाबरू नये. ‘याची सवय लागली तर ते बोलणारच नाही’ ही भीती बहुतेक घरांत असते. पण आजवरच्या संशोधनात अशा साधनांमुळे बोलणे अडते असे आढळलेले नाही, उलट काही मुलांचे बोलणे वाढलेले दिसते. मात्र पाटी कपाटात ठेवून मुलाने ती शिकावी, असे होत नाही. बोलताना मोठ्यांनीही त्याच चित्रांवर बोट ठेवत बोलावे, जसे बाळाला भाषा शिकवण्यासाठी आपण आधी वर्षभर त्याच्याशी बोलतो. घरात दोन भाषा असतील तर त्यांतली एक मुलासाठी बंद करण्याची गरज नाही. दोन भाषांमुळे विकास खुंटत नाही आणि आजी-आजोबांची भाषा हिरावली तर मुलाचे बोलण्याचे सोबती मात्र कमी होतात.

रडणे, ओरडणे, डोके आपटणे यांकडे हट्ट म्हणून पाहण्याआधी दुखणे शोधावे: दात, कान, पोट, बद्धकोष्ठता. न बोलणाऱ्या मुलाचे दुखणे वागण्यातूनच बाहेर पडते. दुखणे नसेल, तर घटनेच्या आधी काय घडले आणि नंतर मुलाला काय मिळाले, याची आठवडाभर नोंद ठेवावी. अनेकदा असे दिसते की अचानक बदललेला बेत, गोंगाट किंवा टोचणारे कपडे हे कारण होते. दिवसाचा क्रम चित्रांनी लावून ठेवणे आणि बदलण्यापूर्वी ‘आधी बूट, मग झोका’ अशी दोन चित्रे दाखवणे, एवढ्यानेही कित्येक प्रसंग टळतात. आणि यांतले काहीच न शिकवता, रोज दहा मिनिटे मूल नेईल तिकडे जात त्याच्याबरोबर जमिनीवर खेळावे. ती दहा मिनिटे कोणत्याही ध्येयाच्या हिशोबात धरू नयेत.

साधनांची काळजी

चष्मा, श्रवणयंत्र, पायांचे स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार), चाकांची खुर्ची ही साधने मुलाच्या मापाची असली तरच उपयोगी पडतात आणि मूल वाढते म्हणून माप बदलत राहते. स्प्लिंट काढल्यावर त्वचेवर उमटलेला लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर ते वापरणे थांबवून दुरुस्त करून घ्यावे. पायांत संवेदना नसलेल्या मुलाची त्वचा रोज आरशाने किंवा मोठ्या माणसाच्या नजरेने तपासावी आणि खुर्चीत बसलेल्या मुलाचे अंग दर अर्ध्या तासाने थोडे उचलून किंवा एका कुशीला कलवून भार बदलावा. श्रवणयंत्र मूल जागे असेल तितका सगळा वेळ कानात असावे. त्याची बॅटरी तपासण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे सोपवावे, म्हणजे ते राहून जात नाही.

चमत्काराची आश्वासने

निदानानंतरच्या पहिल्या वर्षात पालकांना कोणी ना कोणी हमखास बरे करण्याचे आश्वासन देते. स्वमग्नतेसाठी शरीरातील धातू काढण्याची औषधे आणि दाबयुक्त प्राणवायूच्या खोल्या यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, त्यांतली पहिली तर जीवघेणी ठरू शकते. लसीमुळे स्वमग्नता होते, असे सुचवणारा १९९८ सालचा लेख ज्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यानेच तो २०१० साली मागे घेतला. मुलाची एकही लस त्या भीतीने चुकवू नये. कोणत्याही उपचाराविषयी तीनच प्रश्न विचारावेत: नेमके काय आणि किती दिवसांत बदलेल, ते कोण मोजणार आणि यात मुलाला त्रास काय. ज्याला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडे पैसे आणि मूल दोन्ही देऊ नयेत. आशा धरणे चुकीचे नाही. त्या आशेवर कोणी व्यापार करावा, याचा मात्र मला मनापासून राग येतो.

घरातली माणसे

बहुतेक घरांत सगळी काळजी एकाच व्यक्तीवर येते आणि ती बहुधा आई असते. मुलाला भरवणे, उचलणे, झटका आल्यास काय करायचे आणि औषध किती द्यायचे, हे घरातल्या किमान दोघांना येत असावे, असा नियमच करावा. थेरपीला आलटून-पालटून वडील, आजोबा किंवा मावशी गेल्या, की सूचना प्रत्यक्ष पाहिलेल्या होतात आणि ‘तू उगाच काळजी करतेस’ हे वाक्य घरातून आपोआप कमी होते. आठवड्यातून काही तास काळजी घेणाऱ्या व्यक्तीची पूर्ण सुटका व्हावी आणि त्या वेळात तिने घरकाम करू नये. झोप उडणे, सतत रडू येणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तिलाही डॉक्टरांची गरज आहे. विकासात मागे असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जो प्रशिक्षणक्रम तयार केला आहे, त्यात पालकांच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याला जागा दिलेली आहे, ती उगाच नव्हे.

भावंडांना खरे सांगावे, त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. लहान मुले अनेकदा मनात धरून बसतात की माझ्या हातून काही झाले म्हणून बहीण अशी झाली, किंवा हे मलाही होईल. ‘तुझ्यामुळे झालेले नाही आणि हे सर्दीसारखे लागत नाही’ हे दोन्ही त्यांना न विचारता सांगावे. त्यांना मदतीला घ्यावे, परंतु दुसरे पालक बनवू नये. शाळेत बहिणीची राखण करण्याची जबाबदारी नऊ वर्षांच्या भावावर टाकणे अन्यायाचे आहे. रोज थोडा वेळ आई किंवा वडील फक्त त्याचे असावेत.

शाळा, मैदान आणि शेजार

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेला अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचा करार मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सर्व हक्क देतो आणि त्याचे २४ वे कलम समावेशक शिक्षणाविषयी आहे. शाळेशी बोलताना उपकार मागण्याचा सूर नसावा आणि भांडणाचाही नसावा. मुलाविषयी एका पानाची ओळख लिहून न्यावी. त्यात मुलाला काय आवडते, काय येते, ते ‘हो’ आणि ‘नको’ कसे सांगते, काय केल्याने घाबरते, मदत कोठे लागते आणि कोठे लागत नाही, हे लिहावे. मागण्या नेमक्या असाव्यात: फळा दिसेल व शिक्षकांचे ओठ वाचता येतील अशी जागा, लिहिण्याऐवजी तोंडी उत्तराची मुभा, परीक्षेला वाढीव वेळ, मधल्या सुट्टीत शौचालयात मदत. शौचालयाचा प्रश्न संकोचाने मागे ठेवला जातो. पण त्यापायी मुले दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शेवटी शाळाच सोडतात, म्हणून तो पहिल्या भेटीतच काढावा. चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधला जात असेल, तर चढ १ असेल तेथे लांबी १२ हवी. अर्धा मीटर उंच ओट्यासाठी सहा मीटर. याहून खडा उतार शोभेपुरता राहतो.

शेजाऱ्यांना बहुधा मदत करायची असते, पण कशी ते कळत नाही. त्यांना सांगावे: प्रश्न मुलालाच विचारा, त्याच्या डोक्यावरून आईला विचारू नका, मदतीपूर्वी विचारा, न विचारता खुर्ची ढकलू नका. इतर मुलांनी ‘हा असा का चालतो’ असे विचारले, की त्यांच्या पालकांनी त्यांना गप्प करून ओढून नेऊ नये. ‘त्याच्या पायांचे स्नायू ताठ राहतात म्हणून’ एवढे उत्तर लहान मुलाला पुरते आणि पुढचा प्रश्न खेळाचा असतो. मैदानावर मोठ्या गटात घुसवण्यापेक्षा दोन-तीन मुलांबरोबर सुरुवात करावी आणि मुलाला खरी भूमिका द्यावी. पळता येत नसेल तर चेंडू टाकता येईल असा नियम मुलांनाच शोधू द्यावा. ती मोठ्यांपेक्षा चांगले नियम शोधतात. एकसारख्या परिस्थितीतील तीन-चार कुटुंबे महिन्यातून एकदा भेटू लागली, तर चांगला थेरपिस्ट कोठे आहे, येथपासून ते रात्र कशी काढावी, येथपर्यंतचे व्यवहारज्ञान तिथे मिळते, जे कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही.

मुलाचे शरीर आणि मुलाचे मत

हा विषय बोलायला जड आहे, पण टाळता येणार नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार अक्षमता असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा ३ ते ४ पट अधिक असते. ज्याचे शरीर रोज अनेक हात हाताळतात आणि ज्याला कोणी परवानगी विचारत नाही, त्या मुलाला नको असलेला स्पर्श ओळखणे अवघड जाते. म्हणून उचलण्याआधी, कपडे बदलण्याआधी, व्यायाम सुरू करण्याआधी ‘आता पाय धरते हं’ असे सांगून क्षणभर थांबावे. शरीराच्या सर्व अवयवांची नावे शिकवावीत. चित्रपाटीवर ‘दुखते’, ‘नको’, ‘थांब’ आणि अवयवांची चित्रे अवश्य असावीत आणि मुलाने ‘थांब’ दाखवले की थेरपिस्टनेही थांबावे. वयात येण्याविषयीची माहिती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींनाही वेळेआधी, सोप्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा द्यावी.

निर्णयाची सवय अंगरखा कोणता, येथून लागते. चार वर्षांचे मूल दोन रंगांतून एक निवडू शकते, आठ वर्षांचे मूल थेरपीत आज आधी काय करायचे ते सांगू शकते आणि बारा-तेरा वर्षांचे मूल स्वतःच्या उपचारांच्या बैठकीला बसू शकते. पुढच्या बैठकीला त्याला बरोबर न्यावे, आदल्या दिवशी त्याला काय सांगायचे आहे ते त्याच्या पाटीवर किंवा कागदावर मांडून घ्यावे, आणि डॉक्टरांना आधीच विनंती करावी की पहिला प्रश्न आम्हाला न विचारता त्याला विचारा आणि उत्तरासाठी दहापर्यंत मोजा.